टेपआत्याचं माप

आमच्या वन्संना गल्लीतली लहानथोर सगळी टेपआत्या म्हणतात. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. गळ्यात कायम मापाची टेप. भाजी आणायला जाताना टेप, दवाखान्यात टेप. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोत ठेवणीतल्या कपड्यांवर, हार घातल्यासारखी, तीच टेप. मी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा दारातच त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मी मनात म्हटलं, झालं, आता नाकाडोळ्यांची चिकित्सा. तर म्हणाल्या, "तुझा डावा खांदा जरा उतरलाय. आजवर एकाही शिंप्याने सांगितलं नाही तुला?" नव्हतं सांगितलं. पुढे त्यांनी शिवलेला पहिला ड्रेस अंगात घातला आणि कळलं, की जन्मभर मी एक खांदा उगाचच वर ओढून धरत होते.

सासूबाई लवकर गेल्या. वन्संनी पायमशीनवर टीप घालत घालत धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाढवलं आणि शिकवलं. स्वतःच्या लग्नाचा विषय कुणी काढला की म्हणायच्या, "माझ्या मापाचा कुणी मिळाला नाही. आणि मिळाला असता तरी मी त्याला दोन बोटं आत घेतलाच असता." पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन आणि त्याला लागून बेतायचं टेबल. कापड बेतताना त्या अक्षर बोलायच्या नाहीत. खडूची रेघ मारून झाली, कात्री लागली, की ती मध्ये अडखळायची नाही. करकरत एका दमात पार टोकापर्यंत. माझी लेक त्या टेबलाखाली बसून, वरून पडणाऱ्या चिंध्या झेलत लहानाची मोठी झाली. तिची पहिली शाळा तीच.

मग हात थरथरायला लागला. आधी सुईत दोरा ओवताना, मग कात्री धरताना, मग नुसता मांडीवर ठेवलेला असतानाही. उजवा जास्त, आणि डावाही त्याच वाटेवर. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, वयाचा कंप आहे. औषधाने थोडा आटोक्यात राहील, पण जायचा नाही. वन्संनी मशीनवर चादर घातली, हाताखालची गिऱ्हाइकं दुसऱ्या शिंप्याकडे धाडली, आणि एका शब्दाने कुरकुर केली नाही. लोक म्हणाले, काय खंबीर बाई आहे. मला मात्र वेगळंच दिसत होतं. वन्सं आमच्यात जेवायच्या बंद झाल्या होत्या.

सांगूनसवरून नव्हे. "तुम्ही बसा, मला एवढ्यात भूक नाही." "तुम्ही उरका, मी मागाहून बसते." आणि आम्ही उठलो की स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून, एका खोलगट वाटीत कालवून चमच्याने. एकदा मी पाणी प्यायला आत गेले, तर चमचा वाटीत टाकून त्या लगबगीने भांडी आवरायला लागल्या. घास गालात तसाच. मी पाणी न पिताच परत फिरले. त्यानंतर त्या वेळी आत जायचं नाही, एवढं मी पाळत आले. आमच्या ह्यांना यातलं काही उमगत नव्हतं. "ताई अलीकडे फार हट्टी झालीय," एवढंच.

लेक नोकरीसाठी दूर देशी गेली आणि तिथे स्थिरावल्यावर तिने आम्हा तिघांना बोलावून घेतलं आणि तिच्या घराजवळच्या हॉटेलात उतरवलं. पहिल्या दोन दिवसांत बागा पाहिल्या, नदीवरचे पूल पाहिले. जेवायच्या वेळी वन्संचं काही ना काही निघायचं. डोकं दुखतंय, पाय भरून आलेत, तुम्ही जाऊन या, माझ्यासाठी खोलीवरच काहीतरी पाठवा. लेकीने ते दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आत्याच्या पलंगाच्या कडेला येऊन बसली.

"आत्या, आज दुपारी सुशी खायला जायचंय. फार नावाजलेली जागा आहे. मोजक्या खुर्च्या. महिनोन्‌महिने आधी नाव घालावं लागतं, तेव्हा कुठे दारात घेतात."

"मग जा की. नाव वाया घालवू नका."

"नाव तुझ्यासाठी घातलंय. तुला मासे म्हणजे जीव की प्राण. तू नसशील तर मी आत्ता फोन करून चौघांचंही रद्द करते."

"धमकी देतेस का गं मला?"

"तूच शिकवलीस. कापड कापायच्या आधी नीट ठरवा, नंतर कुरकुर चालायची नाही, हे कोण म्हणायचं?"

वन्सं उठून आवरायला लागल्या. निघताना मात्र त्यांनी झाकणाचा छोटा स्टीलचा डबा पर्समध्ये टाकलेला मी पाहिला. प्रवासात त्यांच्या गोळ्या त्याच डब्यात असायच्या, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटेत लेकीने आम्हाला पढवून घेतलं. अत्तर नको, मोठ्याने बोलणं नको, फोटो नकोत. मेनूकार्ड नसतंच; त्यांच्या मनात येईल ते समोर ठेवतील, आणि ठेवलं की लगेच खायचं, गप्पा मारत तसंच राहू द्यायचं नाही.

"आपण जेवायला चाललोय की तोंडी परीक्षेला?" वन्संनी विचारलं.

"आणि मासा कच्चा," हे पुटपुटले. सकाळपासून सातव्यांदा तरी.

"तू लहानपणी पाटीवरची पेन्सिल खायचास," वन्सं म्हणाल्या. "तुला काही होत नाही."

जागा सापडायलाच वेळ लागला. अरुंद गल्ली, पाटी नाही, कडीकोयंडा नसलेलं सरकतं लाकडी दार. आत एक लांबच लांब फिकट लाकडाची फळी, तिच्या अलीकडे खुर्च्या, पलीकडे पांढऱ्या सदऱ्यातला एक वयस्क आचारी. बास. भिंतीवर चित्र नाही, कुठे गाणं नाही. इतकी शांतता, की आपण खुर्ची ओढली तर तीच अपराध केल्यासारखी वाटावी. पलीकडच्या टोकाला एक जोडपं आधीच बसलं होतं. आचाऱ्याची बायको आमच्या पुढे वाकून गरम ओले रुमाल ठेवत होती. तिला लेकीचं इंग्रजी समजत होतं, आणि तिच्याकरवी आचाऱ्याशी बोलणं होत होतं.

वन्संनी शेवटची, भिंतीलगतची खुर्ची निवडली. उजवा हात भिंतीकडे येईल अशी. त्यांच्या शेजारी मी, मग लेक, मग हे.

आचाऱ्याने माशाचा एक लालसर तुकडा फळीवर ठेवला आणि लांब पात्याची सुरी स्वतःकडे ओढून घेतली. एकदाच. पातळ, सारखा काप अलगद बाजूला झाला. वन्सं पुढे वाकल्या.

"कटिंग मास्तर आहे गं हा," त्या माझ्या कानात म्हणाल्या. शिवणकामात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि वन्संनी हा मान आजवर कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. "बघ, सुरी पुढे-मागे करत नाही. एकच ओढ. कापडही असंच कापायचं."

मास्तरांनी चिमूटभर भात उचलला, बोटांनी दोनदा दाबला, वर काप बसवला, आणि एकेक घास एकेकाच्या पुढ्यातल्या काळ्या तबकडीवर ठेवत गेले. ठेवला, की क्षणभर थांबून ते खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. आमच्या यांनी काड्यांनी घास उचलला, तो निम्म्या वाटेवर सुटला आणि चहाच्या पेल्यात पडला. लेकीने कपाळाला हात लावला. मी माझा तोंडात टाकला. भात कोमट होता आणि मासा गार, आणि दोन्ही चावायच्या आतच विरघळून गेले. डोळे उघडून मी वन्संकडे पाहिलं. त्यांची तबकडी रिकामी आणि तोंड हलत होतं.

मला बरं वाटलं. पण दुसरा घास आला तेव्हा मी नीट पाहिलं. मास्तर पाठमोरे झाले, तशी वन्संनी डाव्या हाताने तबकडी फळीच्या कडेला ओढली, आणि घास खाली मांडीवरच्या पर्समध्ये घसरवला. पर्समध्ये तो डबा होता. मग त्या भिंतीकडे बघत, तोंडात काही नसताना, चवीचवीने चावत राहिल्या.

काय करावं मला सुचेना. बोलावं तर बभ्रा, न बोलावं तर अख्खं जेवण डब्यात जाणार. मी नुसती त्यांच्या बाजूला जरा वळून आडोसा केला. पण मास्तरांची नजर माझ्याहून पक्की होती. तिसरा घास ठेवल्यावर ते वळलेच नाहीत. वन्संच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. वन्सं गडबडल्या. पर्स घाईघाईत मिटायला गेल्या आणि डब्याचं झाकण निसटलं.

त्या शांत खोलीत स्टीलचं झाकण फरशीवर पडलं, ते चाकासारखं गरगरत पार यांच्या खुर्चीपर्यंत गेलं. कितीतरी वेळ त्याचा आवाज निमेना. पलीकडचं जोडपं काड्या हातात धरून वळलं. यांनी झाकण उचललं, वाकून डबा पाहिला आणि लालबुंद झाले.

"ताई! अगं हे काय? चोरून भरतेस? घरी काही कमी पडतंय का तुला?"

"बाबा, हळू," लेक म्हणाली.

"खोलीवर निवांत खाईन म्हटलं," वन्सं फळीकडे बघत म्हणाल्या. "एवढं काय त्यात."

आचाऱ्याची बायको फळीला वळसा घालून आली, त्यांच्याशेजारी वाकली आणि दोन्ही हात पुढे करून हळूच काहीतरी बोलली. लेकीने समजावलं: इथलं काही बाहेर नेता येत नाही. कच्चा मासा आहे, थोड्याच वेळात बिघडतो, आजारी पडाल. वन्संनी मुकाट्याने डबा तिच्या हातात दिला. मला वाटलं, आता या उठणार, तडक खोलीवर जाणार, आणि यापुढे त्यांचं स्वयंपाकघर आणि ती खोलगट वाटी कायमची. लेकीचाही चेहरा तसाच झाला होता.

मग मास्तर स्वतः बोलले. थोडंसंच, आणि खालच्या आवाजात. बायकोने लेकीला सांगितलं, लेकीने आम्हाला.

"आत्या, ते विचारतायत, त्यांचं काही चुकलं का? तुला आवडलं नाही का?"

वन्संनी झटकन मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांचा असा चेहरा मी एकदाच पाहिला होता. एका बाईने नवा शिवलेला ड्रेस अंगाला लावूनही न बघता पिशवीत कोंबला होता, तेव्हा. ती गेल्यावर वन्संनी दुपारभर मशीनला हात लावला नाही.

"चुकलं? त्यांचं?" त्या म्हणाल्या. "नाही गं, बाई! सांग त्यांना, हात सोन्याचा आहे त्यांचा. माझा चालत नाही, म्हणून डबा." आणि मांडीवर दाबून धरलेला उजवा हात त्यांनी वर काढला आणि सगळ्यांच्या देखत त्या फिकट फळीवर ठेवला. "हा बघा म्हणावं. असा आहे."

हात थरथरत होता. बोटं लाकडावर बारीक टकटक वाजत होती.  आमचे हे झाकण हातात धरून त्या हाताकडे बघत राहिले होते, आणि त्यांच्या लक्षात सगळं एकदमच येत चाललं होतं, ते मला त्यांच्या मानेवरून कळत होतं.

मास्तरांनी तो हात पाहिला. मग वन्संचं तोंड पाहिलं, मग पुन्हा हात. कळवळा वगैरे काही दिसला नाही. गिऱ्हाइकाच्या बाहीकडे बघावं, तसं बघणं. तिसऱ्या घासाची तबकडी त्यांनी बाजूला सारली, हात पाण्यात बुडवून पुसले आणि नवा भात उचलला. आधीपेक्षा कमी. तो एकदा जास्त दाबला. माशाचा काप मधून कापून आखूड केला. आणि तबकडीत न ठेवता, घास स्वतःच्या बोटांवर घेऊन हात सरळ वन्संपुढे धरला.

वन्संनी लेकीकडे पाहिलं.

"हातानेच घे म्हणतायत, आत्या. तीच खरी पद्धत म्हणे."

वन्संचा हात निघाला. निम्म्यावर जास्तच कापायला लागला, मागे आला, पुन्हा निघाला. समोरचा हात तसाच होता, घाई नाही, पुढे सरकणं नाही. अखेर वन्संच्या बोटांनी घास पकडला. दोन-चार शितं गळून फळीवर पडली, पण बाकीचा एकसंध तोंडापर्यंत पोचला आणि आत गेला. वन्संनी डोळे मिटले. या वेळी तोंडात खरंच काही होतं. त्या इतक्या सावकाश चावत होत्या, की आम्ही तिथे आहोत हे त्या विसरल्याच असाव्यात.

त्यानंतर मास्तरांनी माझ्यापुढे हात केला. मग लेकीपुढे, मग यांच्यापुढे, मग त्या पलीकडच्या जोडप्यापुढेही. तबकड्या सगळ्यांच्याच रिकाम्या राहिल्या. पुढचा प्रत्येक घास असाच, हातातून हातात.

एक-दोन फेऱ्या झाल्या आणि वन्संमधली शिंपीण जागी झाली. त्यांनी माझ्या हातातला घास बघितला, मग आपला.

"माझा लहान का? म्हातारी म्हणून?"

"आत्या, गप गं."

"विचार तर खरं. मला कळू दे."

लेकीने अवघडत विचारलं. मास्तर पहिल्यांदा हसले. उत्तर फिरून आमच्यापर्यंत आलं तेव्हा लेकही हसत होती. "म्हणतायत, प्रत्येकाचा वेगळाच आहे. आईचा तुझ्यापेक्षा मोठा, बाबांचा सगळ्यात मोठा. आत आल्या आल्या सगळ्यांची तोंडं बघून ठरवलं होतं. तुझं नीट बघायचं राहिलं, ती त्यांची चूक."

वन्संनी फळीवर थाप मारली. हात थरथरतच होता, पण थाप चांगली वाजली. "नजरेनं माप घेतलं गं! टेपेशिवाय! मी म्हटलं नव्हतं, मास्तर आहे म्हणून?" आणि जन्मभर गावाची मापं घेतलेल्या त्या बाईने, कुणीतरी आपलंही घेतलं म्हणून, खुर्चीत ताठ बसून पुढच्या घासासाठी हात आधीच पुढे करून ठेवला.

शितं सांडत होती. आचाऱ्याची बायको दर फेरीला येऊन फळी पुसायची; आमच्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी, जिथे काही सांडलं नव्हतं तिथलीसुद्धा. हे पहिल्यापासून काड्यांशी झगडून थकले होते, आता हाताने खात होते आणि एकदाही "कच्चा" म्हणाले नव्हते.

निघताना डबा परत मिळाला. घासून, पुसून, झाकण लावून. वन्संनी तो उजेडात फिरवून पाहिला. "आपल्यापेक्षा लख्ख घासलाय," त्या मला म्हणाल्या. मी तो टोमणा निमूट गिळला. त्या दिवशी मला काहीही चाललं असतं.

परतताना गल्लीत हे वन्संच्या बाजूने चालत होते.  मग म्हणाले, "ताई, मला सांगायचंस तरी."

"काय सांगायचं?"

"हेच. की आमच्यात जेवायला..." 

"तू लगेच चमचा घेऊन बसला असतास मला भरवायला," वन्सं म्हणाल्या. "माझ्या हातचं खाऊन वाढलास तू. तुझ्या हातचं खायला मी अजून तयार नाही."

"बसलोच असतो," हे म्हणाले.

"तेच सांगतेय. माहीत आहे मला." आणि रस्ता ओलांडायच्या निमित्ताने त्यांनी भावाचा दंड धरला, तो पुढचं वळण येईपर्यंत सोडला नाही.

घरी परतल्यावर पहिल्या दुपारी मी पानं मांडत होते. सवयीने तीन खुर्च्यांपैकी दोनच पुढे ओढल्या, आणि ती खोलगट वाटी ओट्यावर काढून ठेवली. वन्सं आत आल्या. वाटीकडे पाहिलं, ती उचलून मांडणीत पालथी घातली, आणि टेबलाशी येऊन स्वतःची खुर्ची स्वतः ओढली. बसल्यावर उजवा हात टेबलावर ठेवला. टेबलावरची भांडी किणकिणायला लागली. हे त्या हाताकडे बघायला लागले.

"बघतोस काय? हलतोय तो. हलू दे," वन्सं म्हणाल्या. "पाणी सांडलं तर फडकं आण, एवढंच काम आहे तुला."

मी भात वाढायला घेतला. विचार असा केला नव्हता, पण हात आपोआप पाण्यात बुडवला आणि वन्संच्या ताटात भाताचे लहान लहान, घट्ट दाबलेले घास ठेवत गेले. त्यांनी ते पाहिले. माझ्याकडे पाहिलं. मला धास्ती वाटली, की आता उठून जातात की काय.

"मला एकटीला नको," त्या म्हणाल्या. "वाढायचंय तर सगळ्यांना तसंच वाढ."

मी माझ्या ताटात तसे घास केले. मग यांच्या ताटाकडे वळले, तर वन्संनी मान तिरकी करून भावाचं तोंड न्याहाळलं, जणू खडू घेऊन रेघच मारायची आहे.

"याचे मोठे कर गं. याचा जबडा पहिल्यापासूनच दोन बोटं जास्त आहे."